मोजणीच्या दिवशीचा चहा

रविवार, १४ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. तुमचे गुडघे बरे असतील असं धरून चालते. नसले तरी तुम्ही कबूल करणार नाही, हेही धरून चालते.

वर 'बाबा' लिहिलं आहे. त्याआधी दोन कागद फाडले. आता तुम्हाला काय म्हणायचं, हे मी वकीलबाईंना विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "नवऱ्याशी घटस्फोट झाला, एवढंच कागदात आहे. सासऱ्यांबद्दल काही नाही. सवय असेल ते म्हणा." सवय आहे. म्हणून तेच लिहिलं.

नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली टायरवाला. सकाळी त्याचं शटर वर गेलं की मला जाग येते, गजर लावावा लागत नाही. एक टेबल, एक पलंग, पुस्तकं अजून खोक्यात. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. लोक चढताना मोबाइल बघतात आणि उतरतानाही बघतात, तरी अजून कोणी पडलेलं नाही.

नोकरी लागली. चित्रपटांच्या आणि मालिकांच्या खाली ज्या ओळी उमटतात, त्या लिहायच्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहावे लागतात. दार वाजतं. पाऊस. दूरवर गाडी. परवा एका दृश्यात कोणीच बोलत नव्हतं. एक बाई पाणी पीत होती, बस. मी खाली लिहिलं, 'शांतता'. माझ्या वरिष्ठ बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "शांतता दिसते. ती लिहायची नसते." त्या क्षणी तुमची आठवण आली. का, ते पुढे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "बातम्या पुरे. मतं काढ." त्या घरात मी आले त्या आठवड्यातच तुम्ही मला बजावलं होतंत, की ज्या माणसाला मत नाही त्याच्याशी पत्तेसुद्धा खेळू नयेत. तेव्हा ऐका.

लोक आता मालिका दीडपट वेगानं बघतात. मी लिहिलेल्या ओळीही दीडपट वेगानं जातात. नायिका दार लावते, रडते, उठते, तोंड धुते, सगळं चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत. याला मी आधी नावं ठेवायचे. आता ठेवत नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी दिवसभर असंच बघते, आणि घरी गेली की तिच्या आजीबरोबर तोच भाग सावकाश बघते. आजीला वेग झेपत नाही म्हणून नव्हे. "आजी मधेमधे बोलते ना, तिला जागा लागते." मला वाटतं, करमणूक खरी तीच, जिच्यात आपल्या माणसाला मधे बोलायला जागा असते. तुम्हाला हे पटणार नाही. थिएटरात सिनेमा चालू असताना बोलणाऱ्याला तुम्ही प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीतून टॉर्च मारायचात.

निवडणुकीबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुमचा पक्ष थकलेला आहे आणि माझा उथळ आहे. तरी मी माझ्यालाच देणार, तुम्ही तुमच्यालाच. "सगळे मेले सारखेच," असं म्हणून जे दुपारी झोपतात त्यांचा मला राग येतो, हे मात्र तुमच्याकडून आलं. आपल्या पक्षाला शिव्या घालायचा हक्क फक्त त्याला मत देणाऱ्याला, असं तुम्ही म्हणता. त्या हक्काचा तुम्ही केलेला वापर पाहून आई एकदा म्हणाल्या होत्या, "एवढ्या शिव्या माझ्या माहेरच्यांनासुद्धा दिल्या नाहीत."

आणि स्टार्टअप. त्याबद्दल मत द्यायला आता मी मोकळी आहे.

आमच्या कंपनीत वर्तमानकाळ नव्हता. सगळं होणार होतं. तुमचा मुलगा गुंतवणूकदारांपुढे उभा राहिला की मला वाटायचं, उमेदवार आणि संस्थापक एकाच शिंप्याकडून वाक्यं शिवून आणतात. पण तो खोटं बोलत नव्हता, बाबा. हे मला लिहून ठेवायचं आहे. तो म्हणायचा ते त्याला खरंच दिसायचं. मलाही दिसायचं. 'आज काय बघू' असं विचारणाऱ्याला बरोबर तोच सिनेमा सुचवणारं अॅप. बाकीच्यांचं यंत्र सांगायचं लोक काय बघतात. आमचं सांगणार होतं, लोक कुठे उठतात.

ते सांगणारा माणूस आमच्या घरातच होता. तुम्ही सगळी नोकरी थिएटरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत काढलीत, आणि त्या चौकोनी खिडकीतून पडद्यापेक्षा डोकी जास्त पाहिलीत. कुठल्या दृश्याला पब्लिक बिडीला उठतं, कुठल्या दृश्याला उठलेलं परत बसतं. तर तुम्हाला आम्ही सोफ्यावर बसवलं, हातात बटण दिलं, एकामागून एक सिनेमे लावले. पब्लिक उठेल असं वाटलं की दाबायचं. तुम्ही पूर्ण हिवाळा दाबत बसलात. कॉम्प्युटर शिकत गेला.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आई शेजारी बसलेल्या असायच्या. रडका सिनेमा लागला की त्या उठायच्या नाहीत. आणि त्या उठत नाहीत तोवर तुमचं बोट बटणावर जायचं नाही.

मग तो दिवस. मोठा गुंतवणूकदार, काचेची खोली, पाण्याच्या बाटल्या. त्यानं आपली आवड भरली: मारामारी, शर्यती, अंतराळ. अॅपनं त्याला तीन तासांचा सिनेमा सुचवला, ज्यात एक विधवा शिवणयंत्रावर मुलांना वाढवते. त्यानं विचारलं, "ही कोणाची शिफारस?" तुमच्या मुलानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. तो म्हणाला, "माझ्या आईची." आणि आम्ही दोघं हसत सुटलो. त्या काचेच्या खोलीत, सगळ्यांसमोर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गुंतवणूक आली नाही. कंपनी बंद पडली. पण आमचं लग्न त्यामुळे मोडलं असं कोणी म्हणालं, तर तुम्ही त्याला टॉर्च मारा. ते आधीच मोडलेलं होतं. घरी बोलायला फक्त कंपनी उरली होती, आणि नंतर तीही उरली नाही. भांडण झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. झालं नाही. त्या काचेच्या खोलीतलं हसू हे आमचं शेवटचं खरं एकत्र हसू, आणि ते तुम्ही आणि आईंनी दिलेलं होतं. त्यासाठी आभार मानायचे राहिले होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तुमचा निरोप फोनवर येऊन तीन आठवडे झाले. 'शुक्रवार २६ला मतमोजणी. विरोधी पक्षाची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. कळावे.' रोज उघडून वाचते आणि उत्तर न देता बंद करते. फोन केला असता, पण तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं. पत्राला आवाज नाही, चेहराही नाही.

कारण चेहऱ्याचं तुम्हाला फार कळतं. दर मोजणीला तुम्ही टीव्ही लावता आणि आवाज बंद करता. आकड्यांच्या पट्टीवर वर्तमानपत्र चिकटवता. नुसते उमेदवारांचे चेहरे. कोण हरला ते आकड्यांच्या आधी सांगायचं. आई टीव्हीकडे पाठ करून वाटाणे सोलतात आणि म्हणतात, "दोन मुके आणि एक टीव्ही." उठायचं नाही, हा नियम. ज्याचा पक्ष हरेल त्यानं चहा करायचा, हा दुसरा. मी घरात आल्यावर पहिल्याच मोजणीला तुमच्या पक्षाविरुद्ध बोलले, तेव्हा आईंचा हात वाटाण्यांत थांबला होता. तुम्ही मात्र आतून वेताची खुर्ची आणून टीव्हीपुढे ठेवलीत. "बसा, विरोधी पक्ष. घराला तुमची गरज होती." तेव्हापासून माझं नाव तेच. मी बरोबर सांगायला लागले ते तिसऱ्या मोजणीपासून, कारण तुम्ही मला गुपित सांगितलंत. "जिंकणारा घाबरलेला असतो, पोरी. जो कारण नसताना हसायला लागतो, तो हरलेला."

गेल्या मोजणीला तुमचा पक्ष जिंकत होता. वर्तमानपत्राच्या कडेतून आकडे डोकावत होते, शंकाच नव्हती. मी आणि तुमचा मुलगा दोघंही हसत होतो. कशावर, आठवत नाही. त्यानं वाटाणा उडवला, मी हसले. मी काहीतरी म्हणाले, तो हसला. फार हसत होतो आम्ही. तुम्ही टीव्हीवरून नजर काढली. आधी त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. आणि उठलात.

"चहा मी करतो."

तो म्हणाला, "अहो बाबा, तुम्ही जिंकताय."

तुम्ही म्हणालात, "बसा तुम्ही दोघं."

तुम्ही स्वयंपाकघरात बराच वेळ होतात. आई वाटाणे तसेच ठेवून आत गेल्या. चहा आला तेव्हा त्यात साखर नव्हती. आम्ही चौघांनी तो तसाच प्यायला. बाबा, तोवर आम्ही एकमेकांनाही काही सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला आमच्या आधी कळलं. आणि तुम्ही मला काही विचारलं नाहीत, त्याला काही सुनावलं नाहीत, कोणाचीच बाजू घेतली नाहीत. जिंकलेल्या माणसानं उठून चहा केला. मला जे काही मिळालं त्या घरात, त्यातलं हे सगळ्यात मोठं. इतके महिने हे लिहायचं टाळत होते, कारण लिहिलं की ते संपलं असं वाटेल.

माझ्या ताईला विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, "घटस्फोट नवऱ्याशी आणि मोजणी सासऱ्याशी? तुझं आपलं काहीतरीच. लोक काय म्हणतील, ते जाऊ दे. त्याला काय वाटेल?" तोच प्रश्न माझाही होता. त्याचं घर आहे ते. त्याला माझ्यामुळे आपल्याच घरी अवघडल्यासारखं होणार असेल, तर मी यायचं नाही, एवढं ठरवलं होतं. खुर्ची गेली तरी चालेल, पण त्याला उठावं लागायला नको.

काल आईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, टायरवाल्याची चौकशी केली, मग म्हणाल्या, "ह्यांनी खुर्ची पुसून ठेवलीय. मी त्याला विचारलं, तू बसतोस का त्यावर या वेळी. तो म्हणाला, ती तिची आहे, मी खाली बसतो. आणि म्हणाला, वाटाणे जास्त आण, टीव्ही बघताना तिच्या हाताला काहीतरी सोलायला लागतं." आणि वर म्हणाल्या, "मी काही सांगत नाही हं. नुसतं काय घडलं ते सांगते."

मी फोन ठेवला आणि खोक्यातून लिहायचे कागद शोधून काढले.

तर शुक्रवारी येते. सकाळी पहिली फेरी सुरू व्हायच्या आत. आवाज बंद ठेवा. मी आता ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी काम करते, तेव्हा तुम्हाला यंदा जड जाईल. मी मधेच हसले तर लगेच उठू नका. आईंचं काहीतरी ऐकून हसले असेन.

आणि निकाल कोणाचाही लागो, चहा मी करीन. साखर घालून.

तुमची,
विरोधी पक्ष