थोरलीला ताप सांगितला होता

आई, धाकटीच्या हाडातल्या मगजात या वेळी कॅन्सर दिसला नाही. काल दुपारी नागपूरच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. औषधं अजून दोन वर्षं चालतील. बायको रडली, मला नुसती झोप आली. उपचारांचा चौथा महिना आहे हा. तुझी ही नात सात वर्षांची, तू गेल्यावर झालेली.

इथे एक बाई फक्त आईबापांशी बोलायला येतात. त्यांना सगळे बोलायच्या मॅडम म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, मुकुटबनची, त्यांना म्हणाली, "मॅडम, माह्या सासूलेबी बसवा एक डाव. बोलाची लय हौस हाय तिले." मॅडमही हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, घरी अजून कोण आहे? थोरली, बारा वर्षांची, मी म्हणालो. घाटंजीला मावसभावाकडे ठेवलीय. तिला काय सांगितलंत? ताप आहे म्हणून. त्या रागावल्या नाहीत. तिला काय वाटतं ते एकदा विचारा, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी फोन केला. थोरली म्हणाली, "मी तिले उष्टे बोरं देल्ले होते. म्हणून मले इथं ठेवलं ना, बाबा?"

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा तू मला राजूरहून एसटीनं त्याच घरी नेलंस. "दादाले ताप हाय. चार दिवस राह्य मावशीपाशी." मले काहून, असं मी विचारलं तर म्हणालीस, "कायले विचारतं? मावशी पुऱ्या करन." पुऱ्या झाल्या. चार दिवस म्हणता म्हणता अख्खा पावसाळा सरला. परत आलो तेव्हा दादाची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि तू अंगणात त्याची गोधडी धूत होतीस. दादा कुठे आहे, विचारलं. "त्याचं नाव काढू नोको या घरात," तू म्हणालीस. बाबा खाणीतून येत, तोंड धुऊन भिंतीकडे बघत बसत. मी नाव काढलं नाही. त्याला रक्ताचा कॅन्सर होता, हे मला कॉलेजात असताना मावशीकडून कळलं. तुझ्यावर राग धरून मी बरीच वर्षं काढली. आता वॉर्डात बसून वाटतं, तुझ्याजवळ येऊन तेव्हा कोण बसलं होतं?

आणि तरी मी थोरलीच्या बाबतीत तेच केलं, तुझ्याच शब्दांत.

उद्या सकाळी घाटंजीला जाईन. परवा मॅडम खालच्या खोलीत दोघी बहिणींना भेटवणार आहेत. त्याआधी आजाराचं नाव तिला माझ्या तोंडून कळायला हवं, बोरांमुळे काही झालं नाही हेही. तुला लिहिलेले हे कागद रिपोर्टांच्या पिशवीत राहतील. थोरलीला अजून एक सांगायचंय, जे तुला कधी सांगितलं नाही. दादा गेला त्या पावसाळ्यात मी मावशीकडे मजेत होतो, आई. मला घरी यायचं नव्हतं.