सुषमाचा मग

गुरु. ६ नोव्हें.
पाचलाच अंधार. फ्रँकफर्टचा नोव्हेंबर म्हणजे शिक्षाच. सोमवारी रेवाचं शाळेत रेफेराट, म्हणजे वर्गापुढे भाषण. विषय: अमेरिका घडवणारा तो पुढारी. सगळी माणसं जन्मतः समान असं लिहिलं, गुलामगिरी वाईट म्हणाला, आणि जन्मभर शेतावर गुलाम राबवले. सोडलं मोजक्यांना.
सासरे तीन महिन्यांसाठी आलेत. नात विचारतेय म्हटल्यावर नाना खूश. ती जर्मनमध्ये विचारणार, ते मराठीत सांगणार, मी मध्ये दुभाषी. "कळत होतं त्याला, पण सुख सुटत नव्हतं. अशाला मोठा म्हणू नये." रेवाने लगेच लिहून घेतलं. पुण्यात समतेवर भाषणं दिलेला माणूस. अभिमान वाटला, खरंच.

शनि. ८
सुषमा आली. मराठीच, इथे शिकते, शनिवारी आमच्याकडे साफसफाई करते. नानांनी हसत विचारलं, "गाव कोणतं? आडनाव काय?" तिने सांगितलं. "असं, असं."
चहाच्या वेळी नानांनी तिचा मग माझ्या हातून काढून घेतला. रेवाच्या वाढदिवसाचे कागदी कप उरलेत, त्यातला एक पुढे केला. "यात दे गं." आम्हा सगळ्यांना मग. सुषमाने बघितलं. मी ओतला.
रेवा टेबलाशीच होती.

रवि. ९
निखिलला सांगितलं. "बाबांचं वय बघ. जानेवारीत जातील. मग कशाला वाढवतेस?" बोलले तर घरात रामायण. नाही बोलले. लाज वाटते स्वतःची.
जेवणानंतर रेवा नानांच्या खोलीत गेली नाही. "पोरीला बरं नाही का?" त्यांनी मला विचारलं.

सोम. १०
रेफेराट झालं. नानांनी विचारलं, "माझं वाक्य वाचलंस?"
"नाइन." जर्मनमध्येच नाही म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनि. १५
वाटलं, सुषमा येणार नाही. आली. खोलीचं भाडं कुणाला सुटलंय?
चहा गाळताना तिने सॅकमधून स्वतःचा मग काढला. निळा. "यात द्या, ताई." आवाज नेहमीसारखाच. पिऊन झाल्यावर विसळला, पुसला, परत सॅकमध्ये. नाना म्हणाले, "समजूतदार आहे हो पोर." जीव नको झाला.
ती गेल्यावर रेवा ओट्याशी येऊन उभी राहिली. जर्मनमध्येच विचारलं: आई, त्या माणसाच्या घरच्यांनाही कळत होतं का, हे चूक आहे म्हणून? की तेही तुझ्यासारखे...
बाहेरून नानांची हाक. "सूनबाई, चहा टाकतेस का?"
आधण ठेवलं.