उद्यावर ढकललेला मेल

मंगळवार संध्याकाळ, चारकोप

ऑफिसची अर्धवट कामं मी मेलमध्येच ठेवतो. निघताना स्नूझमधलं 'उद्या' दाबलं की सकाळी परत वर येतात. त्यांच्यातच माझ्या वर्गातल्या सायलीचा मेल, कॉलेजच्या पत्त्यावरून आलेला: "भांडून कॉलेज सोडलंस, ठीक. माझ्याशी तरी बोलशील ना रे?" रागात तोही रोज उद्यावर ढकलत आलो.

आज सुपरवायझर मागून स्क्रीन बघत हसला, "काय रे, पोरीलाही पेंडिंगमध्ये टाकलंस?" त्याच्यावर खेकसलो. मग सगळे गेल्यावर लिहिलंच: "बोलायचंय गं. कधी भेटशील?"

मेल लगेच परत आला: हा पत्ता बंद झालाय. म्हणजे ती पास होऊन कॉलेजातून बाहेर पडलीसुद्धा! तिचा नंबर तर मीच फोनमधून उडवलेला.

तिच्या मेलवर पुन्हा 'उद्या' दाबलं. सकाळी तिचं नाव तरी वर येईल.