पाणवठ्याकडे पाठ

हूफडॉर्प, नेदरलँड्स, १४ मे २०२०

ती. आईस राखीचा सविनय जय भीम.

क्रूगरच्या सहलीचं आता काही खरं नाही. विमानं बंद, अभयारण्यही बंद. तू रिटायर झालीस की जोहान्सबर्गला भेटायचं आणि मिळून हत्ती बघायचे, असं ठरवून बसलो होतो. हत्तींचं एक वेळ चालेल, पण तू भेटणार नाहीस याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या जावयाने मात्र एक शोध लावला आहे. आपण जिथे उतरणार होतो त्या कॅम्पच्या पाणवठ्यावर कॅमेरा आहे आणि तो घरबसल्या बघता येतो. लिंक फोनवर पाठवते. माझी मीटिंग चारला संपते, तेव्हा दोघी एकदमच बघू. उत्तर हाताने लिहून फोटो पाठव, तुझं अक्षर बघायचं आहे.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी राखी

अकोला, २ जून २०२०

चि. राखीस अ. उ. आ.

तुझा पाणवठा रोज बघते. आधी बगळ्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं. बगळे तर आपल्या मोर्णेकाठीही आहेत. काल जिराफ आला. पाय फाकवून वाकला तेव्हा मला गुडघेदुखीचे माझे सगळे पेशंट आठवले. शेजारच्या लतिकाबाई आता खिडकीतून विचारतात, आज कोण आलं पाणी प्यायला. हत्ती काही आले नाहीत. ते मी तिथे जाऊनच बघणार, तुझ्याबरोबर.

जंगलात भडक रंग नको, खाकी कपडे शिव, असं तू म्हणाली होतीस. नोकरीभर दवाखान्यात पांढरी साडी नेसले, आता मला पोलिसात भरती व्हायचं नाही. राणी रंगाची साडी घेऊन ठेवली आहे.

सुमितला आशीर्वाद. नुसत्या ब्रेडवर दिवस काढू नका.

तुझी आई

हूफडॉर्प, २७ ऑगस्ट २०२२

ती. आईस सविनय जय भीम.

परवा जोहान्सबर्गचं विमान, आणि आज माझी कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप थोडाच आहे, पण रडू आवरत नाही. गेल्या डिसेंबरातही असंच ऐन वेळी सगळं रद्द झालं होतं. तू एकटी कधी नागपूरच्या पुढे गेली नाहीस, म्हणून तूही जाऊ नकोस असं सुमित म्हणतो. मला वाटतं, तू जा. टूरची माणसं विमानतळावर घ्यायला येतील. बुधवारपासून रोज चारला मी पडद्यासमोर बसते. तिथलं घड्याळ आणि माझं सध्या एकच आहे.

काळजी घे, आणि मला विसरू नकोस.

तुझी राखी

क्रूगर, १ सप्टेंबर २०२२

चि. राखीस अ. उ. आ.

आले. एकटी आले. विमानतळावर हिंदी, इंग्रजी आणि हातवारे, तिन्ही वापरले. टूरमधल्या सुरेखा आणि सतीश या जोडप्याने मला मावशी करून टाकलं आहे.

काल चारच्या आधीच राणी साडी नेसून पाणवठ्याच्या कठड्याशी गेले. कॅमेऱ्याचा खांब हेरला, त्याच्याकडे तोंड केलं आणि पदर हलवत राहिले. गाइड आवाज न करता खुणा करत होता. मला वाटलं, साडीच्या रंगावरून चिडला आहे. मी काही थांबले नाही. मग सुरेखाने सांगितलं की माझ्या पाठीमागे हत्तींचा अख्खा कळप पाणी पिऊन गेलासुद्धा.

ग्रुप अजून हसतो आहे. मला मात्र जराही वाईट वाटलं नाही. त्या खांबापलीकडे तू होतीस. मी दिसले का, तेवढं कळव.

तुझी आई

हूफडॉर्प, १ सप्टेंबर २०२२

ती. आईस सविनय जय भीम.

दिसलीस. आधी राणी रंग दिसला, मग तू. बारीक झाली आहेस. उजवा खांदा अजून दुखतो वाटतं, मधेच हात बदललास. मी पडद्याला हात लावून बसले होते. शेजारी सुमित ओरडत होता, हत्ती बघ, हत्ती बघ. कुठले हत्ती? मला एकही दिसला नाही.

ताप उतरला आहे. ऑक्टोबरात अकोल्याला येते. तोवर हत्तींबद्दल कोणी विचारलं तर सुमितचा नंबर दे. आपल्या घरात ते त्याने एकट्यानेच पाहिले आहेत.

तुझी राखी