शाळेचे छप्पर आणि रोखलेली दुआ

कारा-बुलुन
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९

प्रिय भगिनी अनारबू हीस,

तुझ्यावर व बिश्केकमधील तुझ्या लेकीच्या घरावर परमेश्वराची शांती असो. येथे सर्व कुशल आहे. बटाटे काढून झाले. तुझी गाय आमच्याकडे रुळली. वासरू मात्र कोणाचेच ऐकत नाही, त्या बाबतीत ते तुझ्या घरचे शोभते.

शाळेच्या श्रमदानाच्या दिवशी तू माझ्याशी न बोलता निघून गेलीस. त्या दिवशी जे घडले, त्यातला एक भाग तुला ठाऊक नाही.

आदल्या दिवशी जिल्ह्याहून मेएरिम नावाची तरुण अभियंता माझ्याकडे आली होती. शाळेवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे, असे तिने सांगितले. पत्रा अखंड असेपर्यंत तो निजलेला असतो. फोडला, कापला वा कोरडाच झाडला, की त्याचे अदृश्य तंतू छातीत शिरतात आणि कित्येक वर्षांनी घात करतात. म्हणून गावाने ठरवल्याप्रमाणे सगळे छप्पर उतरवणेच चूक होते. धड पत्रे रंगवून, खूण करून, दरवर्षी तपासावेत. फुटके तेवढे ओले करून, बोल्ट सोडवून, न तोडता उतरवावेत आणि प्लॅस्टिकच्या दुहेरी वेष्टनात बांधून नेमलेल्या खड्ड्यात पुरावेत. बॉयलरच्या नळांवरचे भुसभुशीत आवरण शहरातील प्रशिक्षित माणसेच काढतील; तोवर त्या खोलीला कुलूप. कठीण ग्रंथातील ओळ गुरूपुढे पुन्हा म्हणावी, तसे हे सारे मी तिच्यापुढे पुन्हा म्हणून दाखवले.

सकाळी माणसे पहारी घेऊन जमली, कढईत मटण चढले आणि दुआसाठी सर्वांनी माझ्याकडे, आपल्या मुल्लाकडे, पाहिले. मी हात गुडघ्यांवरच ठेवले.

जुमाकादिर म्हणाला, "मोल्दोके, हात दुखतायत का? मटण शिजून जाईल, आपण मात्र इथंच."

"पहार घेऊन वर जाणार असाल, तर माझ्याकडे दुआ नाही."

"अहो, याच पत्र्यांखाली आपली सगळी पोरं शिकली. कोण मेलं?"

हात मी तसेच ठेवले. वडीलधाऱ्याच्या दुआशिवाय आपल्या गावात कोणी खिळासुद्धा ठोकत नाही. कुरकुरत का होईना, पहारी खाली आल्या. मेएरिमने पाण्याचा पाइप मागवला, मुखपट्ट्या वाटल्या, आणि मग मी हात उचलले.

फुटक्यांच्या मधले काही धड पत्रेही उतरले. जुने पत्रे विधवेच्या घरी देणे हे आपल्याकडचे पुण्य. जुमाकादिरने ते तुझ्या गोठ्यासाठी बाजूला काढले होते. मी नको म्हणालो; गोठ्यावर बसवताना ते पुन्हा कापावे लागले असते. तू सर्वांदेखत बोललीस, "दादा, तुझ्या धर्मात साऱ्या गावाला छप्पर आहे, माझ्याच वासराला नाही."

दान निर्मळ असावे, एवढेच मी म्हणालो. ते खरे होते, पण पुरते नव्हते.

अनारबू, तुझ्या नवऱ्याने, ममतने, निम्म्या गावावर हेच पत्रे घातले. तो ते कोरडेच यंत्राने कापी आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन घरी येई. डॉक्टरांनी त्याच्या छातीच्या दुखण्याला निराळे नाव दिले होते. मी वैद्य नाही, निवाडा करत नाही. परंतु 'कोण मेलं' असे विचारले गेले, तेव्हा त्याचेच नाव माझ्या जिभेवर आले, आणि तू पळी घेऊन कढईपाशी उभी होतीस. त्याच्या हातच्या कामाला गावासमोर दोष लागावा, हे मला सोसवले नाही. शिवाय त्याचे सदरे दारात तूच झटकत होतीस. ती भीती मी तुला चारचौघांत कशी देऊ? त्यापेक्षा तुझा राग बरा वाटला.

आता मुलीला सोबत घेऊन छातीच्या रुग्णालयात जा. मेएरिमने तेथील डॉक्टरीणबाईंना कळवले आहे. सोबत त्यांचा पत्ता जोडतो. त्यांना ममतचे काम सांग, सदऱ्यांचेही सांग. भरवसा देवावर ठेवावा आणि तपासणी डॉक्टरकडून करून घ्यावी. या दोहोंत विरोध मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही.

गोठ्याची चिंता नको. जुमाकादिरने आपल्या ट्रॅक्टरच्या शेडवरचे लोखंडी पत्रे काढून तेथे ठोकले. "तिला सांगू नका, नाहीतर आभार मानत बसेल," असे त्याने बजावले आहे.

तपासणीत काहीही निघो, बर्फापूर्वी घरी ये. भांडण उरले असेल तर येथे बसून भांडू.

तुझ्या रागाहून तुझ्या श्वासाची अधिक काळजी असलेला,
तुझा थोरला भाऊ
तोलोगोन