पाहिलं कोणी?

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण मी घाबरले आहे आणि कशाला घाबरलेय ते इथे कोणाला सांगण्यासारखं नाही. रविवारची दुपार आहे. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या या गावात रविवारी साधं भांडं पडलं तरी शेजारी दचकेल इतकं शांत असतं. बाहेरच्या खोलीत माझे सासरे सोफ्यावर डुलक्या काढतायत. तीन महिन्यांसाठी आलेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आतल्या खोलीत तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही, उद्याच्या रेफराटची तयारी करतेय, म्हणजे वर्गासमोर उभं राहून द्यायच्या भाषणाची. विषय नेमका तुम्ही शिकवायचात तोच निघाला. इंग्लंडचा कॅथलिक राजा, त्याच्या जागी आणलेला डच जावई, आणि त्या धांदलीत उठलेल्या आवया.

कॉलेजात तो धडा घ्यायच्या दिवशी तुम्ही आधी स्वयंपाकघरात आईसमोर तालीम करायचात, आठवतं? आई पोळ्या लाटतेय, मी पाटावर बसून दूध संपवण्याचं नाटक करतेय, आणि तुम्ही हातात कपबशी घेऊन उभे. राजा कॅथलिक, प्रजा बहुतेक प्रोटेस्टंट. राजा म्हातारा आणि त्याच्या दोन्ही मुली प्रोटेस्टंट, म्हणून लोक दम धरून होते. आणि अशात राणीला मुलगा झाला. झालं! आता कॅथलिक राजांची रांगच लागणार म्हणून लोकांचं धाबं दणाणलं. मग त्यांनी ठरवून टाकलं की मूल राणीचं नाहीच. अंथरूण शेकायच्या पितळी भांड्यात लपवून ते बाहेरून आणलंय. आई लाटणं थांबवून म्हणायची, "अहो, पण खोली तर माणसांनी भरलेली होती ना?" "होती. पण खरं काय ते हवं होतं कोणाला?" मग सैन्य घेऊन आलेल्या जावयाचं वर्णन, आणि 'जामाता दशमो ग्रहः' म्हणून तुमचं ते हसणं. तुम्हाला स्वतःचे सासरे वचकून असत, त्याचाही त्यात थोडा भाग होता.

पुढचा भाग मात्र तुम्ही हसत सांगत नसायचात. राजा पळाला, जाताना राजमुद्रा नदीत फेकून गेला. आता राजाही नाही आणि मुद्राही नाही. आणि बातमी सुटली की राजाचे बरखास्त झालेले आयरिश शिपाई गावं जाळत, गळे कापत निघालेत. प्रत्येक गावाला शेजारचं गाव जळाल्याचं कळायचं. लोक दारांना अडसर घालून, हाताला येईल ते घेऊन बसले. आलं कोणीच नाही. ते शिपाई बिचारे उपाशी, घरची वाट शोधत फिरत होते. इथे तुम्ही कपबशी खाली ठेवायचात आणि मला विचारायचात, जणू काही मीच ती बातमी आणली होती, "पाहिलं कोणी?"

एकदा मी खरंच आणली होती. मी चौथीत होते. आपल्या गावात तेव्हा दोन-तीन दिवस वातावरण तंग होतं आणि बाजारातल्या मुसलमान बेकरीवाल्याच्या पावात काहीतरी कालवलंय असं शाळेत सगळ्या मुली म्हणत होत्या. मी धावत येऊन आईला सांगितलं आणि वर आपलं एक वाक्य घातलं, की खालच्या आळीतली दोन माणसं दवाखान्यात आहेत. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात. "पाहिलं कोणी?" तुम्ही मनगट धरून मला बाजारातून बेकरीपर्यंत नेलंत. बेकरीच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, समोर पाच-सहा माणसं नुसती बघत उभी. तुम्ही पावाची लादी घेतलीत, एक पाव मोडून तिथेच खाल्लात आणि त्यातला एक तुकडा माझ्या हातात दिलात. "खा." बेकरीवाले चाचा माझ्याकडे बघत होते. मी पाव तोंडात घातला. उरलेली लादी तुम्ही पिशवीत न घालता उघडी, सगळ्यांना दिसेल अशी घरी आणलीत.

असल्या बापाच्या पोरीने परवा काय केलं ते आता ऐका.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात असताना मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. शाळेजवळच्या बसथांब्यावर एक म्हातारा, दक्षिणेकडच्या चेहऱ्याचा, म्हणजे इथल्या बोलीत सावळा, परका, मुलांना गोड खाऊ देतो आणि काहीतरी पुटपुटतो, सावध राहा. हल्ली इथली हवाच अशी झाली आहे की प्रत्येकजण कोणाला ना कोणाला घाबरून असतो, आणि खरं सांगते, थांब्यामागच्या निर्वासितांच्या वसतिगृहाला मीही घाबरते. मला लगेच तिथलाच कोणीतरी दिसायला लागला, चेहऱ्यासकट. मी तो मेसेज मराठीत करून आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला आणि शेवटी लिहिलं, "एकटा नसावा, टोळी वाटते." का लिहिलं? मला एकटीला भीती पेलवत नव्हती, दुसरं काही कारण नाही. तासाभरात तीच टोळी शेजारच्या हाइलब्रोनला दिसल्याचा मेसेज कोणीतरी तिकडून पाठवला. माझंच वाक्य फिरून आलं होतं आणि मी ते ओळखलं नाही. उलट शाळेच्या ग्रुपवर जर्मनमध्ये कळवलं की शेजारच्या गावातही असंच झालंय. संध्याकाळपर्यंत पोलिसांना कळवून झालं होतं, आणि सोमवारी सकाळी चार-पाच बाप थांब्यावर उभे राहणार असं ठरलं. एकाने मुठीचं चित्र टाकलं होतं.

रात्रीचं जेवण वाढत होते तेव्हा अण्णा खुशीत होते. "अगं, काल-आज मिळून वीस-पंचवीस पोरांना तिळगूळ दिला. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हटलं की आधी बघत राहतात, मग घेतात. एकाने तर आभार मानले, डांके म्हणाला! डबा भरून ठेव, सोमवारी पुन्हा जातो. रथसप्तमीपर्यंत चालतंच."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाबा. गेल्या आठवड्यात ते लाडू मीच वळले होते. दक्षिणेकडच्या चेहऱ्याचा हे वाचताना मला हरतऱ्हेची माणसं दिसली, आमच्यापैकी कोणी दिसलं नाही. तो शब्द आम्हालाही बसतो हे दहा वर्षं इथे राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नवरा कामासाठी बाहेरगावी आहे. फोनवर म्हणाला, "तू काही लिहू नकोस हं. आपोआप विरेल सगळं. पोलिसांनी घरी येऊन अण्णांचे कागद मागितले तर? आणि शाळेत पोरीला काय ऐकावं लागेल?" चूक नाही त्याचं. मी अण्णांना सांगितलं की सोमवारी फार थंडी आहे, जाऊ नका. ते म्हणाले, "थंडीला काय घाबरायचं? टोपी आहे की." त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. सत्तर ओलांडलेला माणूस, साता समुद्रापलीकडच्या पोरांना गोड बोला म्हणून सांगतोय, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की गाव तुमची वाट बघतंय, आणि गावाला उठवलं मी? त्यांना घरात कोंडलं तरी उद्या ते बाप थांब्यावर असणारच. वसतिगृहातला कोणी म्हातारा बस पकडायला आला तर त्याचं काय होईल, या विचाराने कालपासून मला अन्न जात नाही.

मघाशी मुलगी इथे येऊन भाषण म्हणून दाखवून गेली. आयरिश शिपायांपाशी थांबली आणि म्हणाली, "माम्मा, वी डूम वारेन डी डेन?" इतकी कशी मठ्ठ होती गं ती माणसं? मी म्हटलं, "मठ्ठ नव्हती. घाबरलेली होती." ती म्हणाली, "जा, आबर ट्रोट्सडेम." हो, पण तरीही. आणि गेली.

ती गेल्यावर मी मेसेज लिहिला. तो म्हातारा माझा सासरा आहे. तो आमच्या सणाचा तिळगूळ होता. टोळीचं आणि शेजारच्या गावाचं मी लिहिलं ते खोटं होतं, मी काहीही पाहिलं नव्हतं. उद्या सकाळी साडेसातला मी त्यांच्याबरोबर थांब्यावर येईन, डबा घेऊन. चार वेळा वाचला, दोनदा पुसला, आणि आत्ता, हे पत्र लिहिता लिहिता, पाठवून टाकला. दोन्ही ग्रुपवर. बऱ्याच जणांनी वाचलाय. उत्तर कोणाचंच नाही. बैठकीत अण्णा जागे झालेत, चहा मागतायत, आणि चहाबरोबर आता सगळं सांगायचंय.

तुम्हाला एकच गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी बेकरीतला पाव मी गिळला नव्हता. घरापर्यंत गालात धरून ठेवला आणि मोरीत जाऊन थुंकला. बाहेर तुम्ही आईला सांगत होतात, पोरीनेही पाव खाल्ला बरं का. आईने विचारलं, खरंच? आणि तुम्ही म्हणालात, "अगं, मी पाहिलं ना."