शेवाळावरची बिस्नागा

ला पाल्मिता, ९ जानेवारी

चि. फिदेन्सियो,
आशीर्वाद नंतर. आधी सांग, खिडकीत दोन बिस्नागा होत्या, तू नाताळला येऊन गेलास आणि एकच कशी उरली? आईची पेटी उचलून नेली असतीस तरी बोलले नसते. हे मुठीएवढे निवडुंग मी बियांपासून वाढवलेत, सात वर्षं! लहानपणी आपणच नाताळात येशूजन्माच्या देखाव्यासाठी टेकडीवरून उपटून आणायचो, सण झाला की फेकायचो. आता तिथं एक नाही. या दोघी यंदा पहिल्यांदा फुलणार. एकटीला बी धरत नाही, हिचे पराग तिला लावावे लागतात. तेव्हा मांडीवर घेऊन बसने ये. आणि थंडीत पाण्याचा थेंब नको.
पोरांना पापा. तुला नाही.
ओतिलिया

मॉन्तेर्रेय, १८ जानेवारी

ती. ताईस फिदेन्सियोचा सा. न. वि. वि.
चोर म्हण, चालेल. इथं तिसऱ्या मजल्यावर गावचं काहीच नाही गं. देखाव्यात मेंढ्यांच्या मागं ठेवलीय. चाबेला म्हणते, कांदेलारियाच्या सणाआधी देखावा हलवला तर अपशकुन. बायकोपुढे माझं काय चालतं? दोन फेब्रुवारी झाली की आणतो. तुझी शपथ, पाणी घातलेलं नाही. खालचं शेवाळ हिरवं राहावं म्हणून पोरं रोज शिंपडतात, तेवढंच. आणि ऐक, डोक्याभोवती गुलाबी फुलांचा मुकुट आलाय! तुझ्या आधी माझी फुलली. आता बोल!
राग वजा करून उरेल ती माया पाठव.
फिदे

ला पाल्मिता, २६ जानेवारी

अरे गाढवा,
ओल्या शेवाळावर ठेवलीस? ते पाणीच की रे! चाबेलाला म्हणावं, अपशकुन माझ्या माथी. आत्ता उचल, बूड दाबून बघ. मऊ लागलं तर निदान फुलं पाठव. सडलेली बिस्नागासुद्धा अंगातलं पाणी संपेपर्यंत फुलते. माझी काल उमलली. घाई कर.
ओति

मॉन्तेर्रेय, ३ फेब्रुवारी

ताई,
तुझं पत्र आज आलं, देखावा काल उचलला. बिस्नागा हातात आली, बूड शेवाळातच राहिलं. आत नुसता काळा चिखल. वर फुलं ताजी. चाबेला रडली. अकरा फुलं कागदात गुंडाळून पाठवतोय. पुरतील ना? शिव्या दे, पण पत्र लिही.
फिदे

ला पाल्मिता, १३ फेब्रुवारी

चि. फिदे,
फुलं काल मिळाली. माझीचं शेवटचं फूल परवा मिटलं होतं. तरी काडीने उघडून तुझ्या पाकिटातली भुकटी लावून बघितली. आज तेही गळलं.
सगळे गाव सोडून गेले, विचारायचे, ओतिलिया, इथं कसली राखण करतेस? तेव्हा माझ्याकडे उत्तर असायचं, टेकडीसाठी बी. सकाळी उरलेल्या बिस्नागाला टेकडीवर दोन दगडांच्या फटीत लावून आले. दरवर्षी फुलेल. फळ नाही धरणार.
पोरांना शिंपडण्याबद्दल बोलू नकोस. कधीच.
उत्तर लिहू नकोस, इथं घ्यायला कोणी नसेल. ट्रकवाला खाली भोंगा वाजवतोय. हे पाकीट त्याच्याच हाती देते आणि त्याच्याच शेजारी बसते. निघाले.